अंडाशयाची संप्रेरकं आणि लहान प्राण्यांचं प्रजननचक्र : उंदीर, गिनी पिग आणि सशाने काय शिकवलं?

गावाकडे ज्यांच्या घरी शेळ्या आहेत त्यांना 'माज' हा शब्द समजावून सांगायला नको. शेळी ओरडायला लागली, शेपटी हलवायला लागली, चारा सोडून बोकडाच्या दिशेने ओढ घ्यायला लागली की घरातली म्हातारी माणसं लगेच ओळखतात, शेळी माजावर आली. एक-दोन दिवसांत हे सगळं शांत होतं आणि शेळी गाभ राहिली नाही तर साधारण २१ दिवसांनी पुन्हा तेच सुरू होतं.

हे घड्याळ शेळीच्या पोटात कोण चालवतं? उत्तर आहे, अंडाशयातून रक्तात सुटणारी संप्रेरकं, म्हणजेच हार्मोन्स. पण ही गोष्ट माणसाला शेळीकडून किंवा गायीकडून फारशी कळली नाही. ती कळली उंदीर, गिनी पिग, हॅम्स्टर आणि ससा या लहान प्राण्यांकडून. आज आपल्या घरातल्या बायका पाळी पुढे ढकलायची जी गोळी घेतात, डॉक्टर गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी जी तपासणी सांगतात, त्यांची मुळं याच प्राण्यांच्या पिंजऱ्यांपर्यंत जातात. म्हणून हा विषय फक्त बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातला नाही, घरातल्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे.

माज आणि पाळी : फरक काय?

आधी एक गोंधळ दूर करू. स्त्रीला दर महिन्याला पाळी येते, म्हणजे गर्भाशयाचं आतलं अस्तर तुटून रक्तासोबत बाहेर पडतं. बहुतेक सस्तन प्राण्यांत असं होत नाही. गर्भ राहिला नाही तर त्यांच्या गर्भाशयाचं अस्तर शरीरातच जिरतं. त्यांच्या चक्राची खूण रक्तस्राव नसून माज असते. मादी नराला जवळ येऊ देते ते फक्त त्या थोड्या तासांत किंवा दिवसांत. म्हणून स्त्रीच्या चक्राला 'मासिक पाळीचं चक्र' म्हणतात आणि उंदराच्या चक्राला 'मदचक्र'.

अपवाद आहेत. काही वटवाघळं आणि हत्तीचिचुंदरी यांना पाळी येते. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी काटेरी केसांच्या एका छोट्या उंदरातही पाळी नोंदवली. इजिप्त आणि आसपासच्या कोरड्या भागात राहणाऱ्या या उंदराचं चक्र सुमारे ९ दिवसांचं असतं आणि त्यातले सुमारे ३ दिवस रक्तस्राव असतो. पण हे अपवादच.

दोन संप्रेरकं, दोन कामं

अंडाशयात छोट्या छोट्या पाण्याच्या फोडांसारख्या पिशव्या असतात. त्यांना पुटिका म्हणतात. प्रत्येक पुटिकेत एक अंडं असतं. पुटिका वाढू लागली की ती इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करते. पुटिका फुटून अंडं बाहेर पडतं, याला अंडमोचन म्हणतात. फुटलेली पुटिका वाया जात नाही. ती भरून येते, पिवळसर गाठ बनते आणि दुसरं संप्रेरक तयार करू लागते, प्रोजेस्टेरॉन. या गाठीला पीतपिंड म्हणतात.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर इस्ट्रोजेन जमीन नांगरून तयार करतं आणि प्रोजेस्टेरॉन पेरलेलं बी सांभाळतं. इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं अस्तर वाढतं, मादी माजावर येते. प्रोजेस्टेरॉनमुळे ते अस्तर गर्भ रुजण्यायोग्य होतं, गर्भाशयाचे स्नायू शांत राहतात, गाभ टिकतो.

पण अंडाशय एकटं काम करत नाही. त्याच्यावर हुकूम चालतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा. ती एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरकं सोडते. पहिलं पुटिका वाढवतं, दुसरं मुख्यतः अंडमोचन घडवतं. पीयूषिकेवरही एक वरिष्ठ आहे, हायपोथॅलॅमस. तो थांबून थांबून जीएनआरएच हे संप्रेरक सोडतो. या संप्रेरकाची रासायनिक रचना १९७१ मध्ये उलगडली आणि मेंदूतल्या अशा संप्रेरकांच्या शोधासाठी रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांना १९७७ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

आता गंमत बघा. हुकूम वरून खाली येतो, तशी बातमी खालून वरही जाते. इस्ट्रोजेन थोडं असतं तेव्हा ते मेंदूला सांगतं, 'हळू घ्या.' पण पुटिका पिकली, इस्ट्रोजेन खूप वाढलं आणि ते पुरेसा वेळ वाढलेलं राहिलं की तेच संप्रेरक उलटा निरोप देतं, 'आता सोडा.' मग एलएच एकदम उसळतं आणि अंडं बाहेर पडतं. एकच संप्रेरक दोन उलट निरोप कसं देतं, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. उंदरांच्या अभ्यासातून कळलं की मेंदूत किसपेप्टिन नावाचं द्रव्य बनवणाऱ्या पेशींचे दोन वेगळे गट आहेत. इस्ट्रोजेन एका गटाला दाबतं आणि दुसऱ्या गटाला जागं करतं.

उंदराचे चार दिवस

प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या मोठ्या उंदराचं (रॅट) चक्र ४ ते ५ दिवसांचं असतं. छोट्या उंदराचंही (माऊस) जवळपास तेवढंच. सोनेरी हॅम्स्टरचं तर इतकं नेमकं ४ दिवसांचं की पुढच्या माजाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. या चक्राचे चार टप्पे मानले जातात.

• पूर्वमद : पुटिका पिकतात. सकाळपासून दुपारपर्यंत इस्ट्रोजेन सर्वात जास्त असतं. दुपारनंतर एलएच उसळतं, मागोमाग प्रोजेस्टेरॉनही वाढतं. त्या रात्री मादी नराला स्वीकारते.

• मद : पहाटेच्या आसपास अंडमोचन होतं. इस्ट्रोजेन खाली येतं.

• उत्तरमद : काही तासांचा छोटा टप्पा. फुटलेल्या पुटिकांचे पीतपिंड बनू लागतात.

• विश्रांतीचा टप्पा : सर्वात लांब, साधारण दोन-अडीच दिवसांचा. पीतपिंड मावळतात, नव्या पुटिका वाढू लागतात.

उंदराच्या मादीला माजावर यायला नुसतं इस्ट्रोजेन पुरेसं होत नाही. आधी इस्ट्रोजेन, मग काही तासांनी प्रोजेस्टेरॉन, असा क्रम जुळला तर ती नराला नीट स्वीकारते. क्रम उलटा झाला तर काम बिघडतं. संप्रेरकांच्या बाबतीत 'किती' इतकंच 'कधी' महत्त्वाचं असतं, हा धडा इथून मिळाला.

दुपारी दोन ते चार

'कधी' किती महत्त्वाचं, याचा सुंदर प्रयोग १९५० च्या सुमारास अमेरिकेत जॉन एव्हरेट आणि चार्ल्स सॉयर यांनी केला. त्यांनी मादी उंदरांना ठरावीक वेळेच्या उजेडात ठेवलं आणि पूर्वमदाच्या दिवशी गुंगीचं औषध दिलं. दुपारी दोनच्या आधी औषध दिलं तर त्या रात्री अंडमोचन झालंच नाही. चारनंतर दिलं तर ते ठरल्याप्रमाणे झालं. म्हणजे मेंदूचा हुकूम दोन ते चारच्या दरम्यान सुटत होता. हुकूम चुकला की अंडमोचन दोन-चार तासांनी नाही, तर पूर्ण २४ तासांनी लांबायचं. यावरून कळलं की प्रजननाचं घड्याळ शरीरातल्या दिवस-रात्रीच्या घड्याळाला जोडलेलं आहे. उंदरांना सतत उजेडात ठेवलं तर हे चक्रच बिघडतं. पुटिका वाढतात पण फुटत नाहीत आणि मादी कायम माजाच्या अवस्थेत अडकते.

खोटा गाभ

उंदराचं चक्र इतकं छोटं का? कारण त्याचे पीतपिंड एक-दोन दिवसांतच सुस्त पडतात. नराशी संग झाला तर मात्र गर्भाशयाच्या मुखाला झालेल्या स्पर्शाची खबर मज्जातंतूंमार्फत मेंदूला पोचते. पीयूषिका दिवसातून दोनदा प्रोलॅक्टिन सोडू लागते आणि पीतपिंड तग धरतात.

पण नर वांझ असेल तर? मेंदूला ते कळत नाही. पीतपिंड टिकतात, प्रोजेस्टेरॉन बनत राहतं, गर्भाशय तयारीत राहतं, आत गर्भ मात्र नसतो. यालाच खोटा गाभ म्हणतात. उंदरात तो साधारण १२ ते १४ दिवस टिकतो, सशात १६ ते १८ दिवस. अशी सशाची मादी शेवटच्या दिवसांत स्वतःच्या अंगावरचे केस उपटून घरटंही करते. ती ढोंग करत नसते, तिच्या शरीराला खरोखर तसा निरोप मिळालेला असतो.

गिनी पिग : नावात पिग, पण डुक्कर नाही

नावामुळे गैरसमज होतो म्हणून सांगतो, गिनी पिगचा डुकराशी काही संबंध नाही. तो कुरतडणारा प्राणी आहे, दक्षिण अमेरिकेतला, उंदरांच्या लांबच्या नात्यातला. त्याचं चक्र उंदरापेक्षा बरंच मोठं, साधारण १६ दिवसांचं असतं. कारण नराशी संग झाला नाही तरी त्याचे पीतपिंड बरेच दिवस काम करतात. या बाबतीत तो स्त्रीच्या चक्राच्या जास्त जवळ आहे.

मग ते पीतपिंड थांबवतं कोण? १९२३ मध्ये लिओ लोब यांनी गिनी पिगचं गर्भाशय काढून पाहिलं, तर पीतपिंड मावळायच्या ऐवजी जास्त दिवस टिकले. म्हणजे थांबण्याचा इशारा गर्भाशयाकडून येत होता. तो इशारा म्हणजे प्रोस्टाग्लँडिन, हे पुढे सिद्ध झालं. आज गायी-म्हशींना माजावर आणण्यासाठी पशुवैद्य जे इंजेक्शन देतात, त्यात अनेकदा हेच द्रव्य असतं. स्त्रीच्या शरीरात मात्र गर्भाशय काढलं तरी पीतपिंड ठरल्या वेळी मावळतो. प्राण्यांवरून माणसाचा अंदाज बांधताना सांभाळावं लागतं ते यासाठीच.

ससा : नर आला तरच अंडं

सशाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या मादीला ठरावीक दिवसांचं चक्र नसतं. पुटिका तयार होतात, काही दिवस वाट पाहतात, मावळतात, त्यांच्या जागी नव्या येतात. नराशी संग झाला की साधारण १० ते १२ तासांनी अंडमोचन होतं. मांजरीचंही असंच असतं.

फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यात तर हे जिवावर बेतू शकतं. नर मिळाला नाही तर मादी आठवडेच्या आठवडे माजावर राहते, इस्ट्रोजेन चढलेलंच राहतं, हाडांच्या आतला मगज रक्त बनवणं थांबवू लागतो आणि मादी मरू शकते. जे संप्रेरक जीव घडवतं तेच बेताल झालं तर जीव घेतं.

दूध, वास आणि सोबत

उंदीर व्याल्यानंतर २४ तासांच्या आत पुन्हा माजावर येतो. म्हणजे एक वेत अंगावर पीत असताना दुसरा पोटात असू शकतो. पण शरीर इथे शहाणपण दाखवतं. आई दूध पाजत असेल तर इस्ट्रोजेन कमी राहतं आणि नवे गर्भ गर्भाशयात न रुजता थांबून राहतात. दुधाचा भार हलका झाला, इस्ट्रोजेन थोडं वाढलं की मग ते रुजतात.

वासाचाही मोठा परिणाम होतो. छोट्या उंदरांच्या माद्या नराशिवाय दाटीने ठेवल्या तर त्यांची चक्रं मंदावतात किंवा बंद पडतात. नराच्या लघवीचा वास आला की तिसऱ्या रात्रीच्या सुमारास बऱ्याच माद्या एकदम माजावर येतात. हे वेस्ली व्हिटन यांनी १९५६ मध्ये दाखवलं. १९५९ मध्ये लंडनच्या हिल्डा ब्रूस यांनी आणखी चकित करणारी गोष्ट मांडली. नुकत्याच गाभण राहिलेल्या मादीजवळ अनोळखी नर आणला तर तिचा गाभ टिकत नाही. त्या वासाने प्रोलॅक्टिन घटतं, पीतपिंड मावळतात, प्रोजेस्टेरॉन संपतं.

हे सगळं कळलं कसं?

१९०३ साली जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात लुडविग फ्रेंकेल यांनी गाभण सशांचे पीतपिंड काढून टाकले, तेव्हा गाभ टिकला नाही. हा विचार मुळात त्यांचे ज्येष्ठ सहकारी गुस्ताव बॉर्न यांचा होता, पण प्रयोग पाहायला ते हयात नव्हते.

१९१७ मध्ये न्यूयॉर्कला चार्ल्स स्टॉकार्ड आणि जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी गिनी पिगच्या योनीतला थोडासा स्राव काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. चक्राच्या प्रत्येक टप्प्यात पेशी वेगळ्या दिसत होत्या. प्राण्याला न मारता त्याच्या अंडाशयात काय चाललंय हे कळायला लागलं. १९२२ मध्ये जोसेफ लाँग आणि हर्बर्ट इव्हान्स यांनी उंदराचं चक्र याच रीतीने तपशीलवार नोंदवलं. १९२३ मध्ये एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉयझी यांनी पुटिकांमधला द्रव अंडाशय काढलेल्या माद्यांना टोचला आणि त्या माजावर आल्या. हाच इस्ट्रोजेनचा पुरावा. १९२९ मध्ये जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड ॲलन यांनी पीतपिंड काढलेल्या सशांना पीतपिंडाचा अर्क देऊन गाभ टिकवून दाखवला. हेच प्रोजेस्टेरॉन.

आपल्या घराशी संबंध

पहिला संबंध तपासणीचा. त्या गिनी पिगवाल्या पापानिकोलाऊ यांनी तीच पद्धत स्त्रियांसाठी वापरली. त्यांच्या पत्नीने या कामासाठी वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने दिले. नमुने पाहताना कर्करोगाच्या पेशीही ओळखता येतात हे लक्षात आलं आणि 'पॅप टेस्ट' जन्माला आली. भारतात स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल गर्भाशयमुखाचा कर्करोग आढळतो आणि तो लवकर सापडला तर बरा होऊ शकतो. तपासणी काही मिनिटांची आहे. तरीही लाजेपोटी आपल्याकडे अम्मी, खाला, फुफी दुखणं लपवतात. महिला डॉक्टरकडे जा, पण जा.

दुसरा संबंध गोळीचा. रमजान, हज किंवा उमराहच्या आधी, लग्नकार्यात पाळी येऊ नये म्हणून अनेक जणी नॉरइथिस्टेरॉनची गोळी घेतात. हे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं बनावटी संप्रेरक आहे. ते १९५१ मध्ये मेक्सिको शहरात तयार झालं, तिथल्या रानकंदातून मिळणाऱ्या द्रव्यापासून. पाळी येते ती पीतपिंड मावळून प्रोजेस्टेरॉन घटल्यामुळे. गोळी चालू असेपर्यंत शरीराला वाटतं की संप्रेरक अजून आहे, म्हणून अस्तर टिकतं. गोळी थांबवली की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते.

ऐकायला सोपं वाटतं, म्हणूनच ती मेडिकलमधून परस्पर आणली जाते किंवा शेजारणीची पट्टी घेतली जाते. असं करू नका. ज्यांना पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे, यकृताचा आजार आहे, कारण न कळलेला रक्तस्राव होतो किंवा दिवस गेल्याची शंका आहे, त्यांना ही गोळी धोक्याची ठरू शकते. लांबचा विमानप्रवास असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. पाळी पुढे ढकलायला घेतलेली ही गोळी गर्भनिरोधक म्हणून भरवशाची नाही. घ्यायची वेळ आली तर दिवस मोजून आधीच डॉक्टरांकडे जा, कारण उंदराच्या प्रयोगात पाहिलं तसं, संप्रेरकांत 'कधी' फार महत्त्वाचं असतं. धार्मिक बाजू आलिमांना विचारा, औषधाची बाजू डॉक्टरांना.

तिसरा संबंध न्यायाचा. 'माद्यांचं चक्र असतं, त्यामुळे निकाल बदलतात' या समजुतीने कित्येक वर्षं औषधांचे प्रयोग मुख्यतः नर उंदरांवर झाले. २०१४ मध्ये शेकडो प्रयोगांची आकडेवारी एकत्र पाहिली, तेव्हा चक्राचा टप्पा न पाहताही माद्यांचे निकाल नरांपेक्षा जास्त अस्थिर नव्हते. २०१६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने संशोधकांना नर-मादी दोन्हींचा विचार करणं आवश्यक केलं. हे का गरजेचं आहे ते एका उदाहरणावरून कळेल. झोपेचं औषध झोलपिडेम स्त्रियांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडतं, म्हणून अमेरिकेत त्यांच्यासाठीचा डोस निम्मा करावा लागला. पण तो निर्णय २०१३ मध्ये झाला, औषध बाजारात येऊन वीस वर्षं उलटल्यावर.

घरी ससा किंवा गिनी पिग असेल तर

• नर-मादी एकत्र ठेवाल तर पिल्लं होणारच. सशाचा गाभ ३०-३२ दिवसांचा, हॅम्स्टरचा सुमारे १६, छोट्या उंदराचा १९ ते २१ आणि गिनी पिगचा दोन महिन्यांपेक्षा जास्त.

• मादी व्याल्यावर नर लगेच वेगळा करा, नाहीतर ती त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते.

• सशाच्या मादीच्या लघवीत लाल रंग दिसला तर 'पाळी आली' म्हणून सोडू नका. सशाला पाळी येत नाही. कधी तो रंग खाण्यामुळे असतो, पण वय वाढलेल्या मादीत गर्भाशयाच्या कर्करोगाचीही ती खूण असू शकते. पशुवैद्याला दाखवा.

• मादी केस उपटून घरटं करत असेल आणि पिल्लं झाली नाहीत तर तो खोटा गाभ असू शकतो. तिला मारू-रागावू नका, काही दिवसांत ती पूर्ववत होते.

थोडक्यात

पुटिका इस्ट्रोजेन देते, पीतपिंड प्रोजेस्टेरॉन देतो, मेंदू दोघांचं ऐकतो आणि दोघांना चालवतो. उंदीर, गिनी पिग, ससा यांत फरक पडतो तो मुख्यतः अंडं कधी सुटतं आणि पीतपिंड किती दिवस टिकतो यामुळे. मुंबईत परळला प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिथेही या विषयावर काम चालतं. आपल्या घरातली एखादी मुलगी बारावीला जीवशास्त्र घेऊन हा धडा वाचत असेल आणि प्रश्न विचारत असेल, तर तिला 'गप्प बस' म्हणू नका. शेळीचा माज आपण चारचौघांत बोलतो, मग मुलीच्या शरीराचं ज्ञान घरात बोलायला लाजायचं कशाला?